चालत्या भूमीचा शोधक : आल्फ्रेड वेगेनर

आपल्या महाराष्ट्रातील कितीतरी शाळांच्या, प्रार्थनामंदिरांच्या, नदीघाटांच्या व किल्ल्यांच्या भिंती काळ्या दगडाने बांधलेल्या आहेत. हा दगड आमच्या विद्यार्थ्यांनी हजारदा पाहिला असेल. परंतु तो कोणत्या काळी व कोणत्या ठिकाणी घडला, असा प्रश्न फार थोड्यांच्या मनात उद्भवतो. तो एके काळी तप्त शिलारस होता आणि भूमीच्या भेगांतून वर येऊन थरावर थर असा पसरला. ही गोष्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, त्या वेळी आपला दख्खनचा प्रदेश आज आहे तेथे नव्हता. तो विषुववृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेस समुद्राने वेढलेला होता आणि हळूहळू उत्तरेची वाट चालत होता. जमीन चालते, हे ऐकून कोणासही हसू येईल. ज्या पुरुषाने हा विचार प्रथम सांगोपांग मांडला, त्यासही त्याच्या काळचे विद्वान हसले. त्या पुरुषाचे चरित्र आम्ही आमच्या बालवाचकांस व त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींस यंदा सादर करीत आहोत.

आल्फ्रेड वेगेनर ह्याचा जन्म जर्मनीतील बर्लिन शहरी १ नोव्हेंबर १८८० रोजी झाला. पाच भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याचे वडील रिचर्ड वेगेनर हे धर्मशास्त्राचे विद्वान असून एका जुन्या विद्यालयात प्राचीन भाषा शिकवीत आणि एक अनाथालयही चालवीत. परक्यांची मुले आपलीच मानणाऱ्या त्या घरात आल्फ्रेडचे बालपण गेले. सुटीच्या दिवसांत हे कुटुंब खेड्यातील आपल्या घरी जाई. तेथील तळी व राने तुडविताना आल्फ्रेड आणि त्याचा वडील भाऊ कुर्ट ह्या दोघांस चालण्याची, थंडीवारा सोसण्याची व निसर्ग निरखण्याची जी गोडी लागली, ती जन्मभर टिकली.

विद्यापीठात त्याने खगोलशास्त्राचा अभ्यास करून १९०५ साली डॉक्टरची पदवी मिळविली; परंतु दुर्बिणीपाशी एका जागी बसून राहणे त्याच्या वृत्तीस मानवेना. त्याने हवामानशास्त्र हा नवा विषय पत्करला व एका वेधशाळेत नोकरी धरली. उंचावरील हवेची परीक्षा करण्यासाठी तेथे पतंग व बलून उडवीत. १९०६ च्या एप्रिल महिन्यात आल्फ्रेड व कुर्ट हे दोघे भाऊ एका बलूनमध्ये बसून सलग साडेबावन्न तास आकाशात राहिले. इतका दीर्घ प्रवास तोवर जगात कोणीही केला नव्हता. त्याच वर्षी एका डॅनिश मोहिमेबरोबर वेगेनर प्रथमच ग्रीनलंडास गेले. त्या अफाट बर्फाळ प्रदेशात त्यांनी दोन हिवाळे काढले. मोहिमेचे नायक मिलियस-एरिक्सन हे आपल्या दोन सोबत्यांसह तेथेच मृत्युमुखी पडले. बर्फ मनुष्याकडून कोणती किंमत मागतो, हे वेगेनर ह्यांनी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी डोळ्यांनी पाहिले. तरीही त्या भूमीची ओढ त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

परत आल्यावर ते मारबुर्ग येथील विद्यापीठात शिकवू लागले. १९१० सालच्या नाताळच्या सुमारास त्यांच्या एका सहकाऱ्यास नवा नकाशासंग्रह भेट मिळाला होता. तो चाळताना वेगेनर ह्यांची दृष्टी अटलांटिक महासागराच्या दोन्ही काठांवर खिळली. दक्षिण अमेरिकेचा पूर्वेकडे आलेला फुगवटा आणि आफ्रिकेच्या पश्चिमेकडील खोबण ही एकमेकांत नेमकी बसतील अशी दिसत होती. हे साम्य त्यांच्यापूर्वीही काहींच्या लक्षात आले होते. परंतु इतरांनी ते पाहून पान उलटले. वेगेनर ह्यांना मात्र त्या आकृतीने स्वस्थ बसू दिले नाही. पुढील वर्षी त्यांच्या वाचनात असे आले की, समुद्राने दूर केलेल्या त्या दोन खंडांवर एकाच जातीच्या प्राचीन प्राण्यांचे अवशेष सापडतात. तेव्हापासून त्यांच्या शोधास खरा आरंभ झाला.

त्या काळच्या पंडितांपाशी ह्या कोड्याचे एक उत्तर तयार होते. पूर्वी खंडाखंडांमध्ये जमिनीचे पूल होते, प्राणी त्यांवरून आले-गेले आणि पुढे ते पूल समुद्रात बुडाले, असे ते मानीत. हे उत्तर वेगेनर ह्यांस पटेना. त्याचे कारण समजण्यासाठी खडकांची थोडी ओळख हवी. खडक म्हणजे खनिजांचा समुदाय. ग्रॅनाइटचा तुकडा हाती घेऊन पाहिला तर त्यात काचेसारखी गारगोटी, पांढरे वा गुलाबी फेल्डस्पार आणि चकाकणारे अभ्रक असे निरनिराळे दाणे दिसतात. बेसाल्ट म्हणजे आपला काळा दगड. त्यात लोह व मॅग्नेशियम ह्यांनी युक्त अशी खनिजे अधिक असल्यामुळे तो रंगाने काळा व वजनाने भारी असतो. ग्रॅनाइट पाण्याच्या सुमारे २.७ पट जड, तर बेसाल्ट सुमारे ३ पट. पृथ्वीवरील खंडे मुख्यत्वे ग्रॅनाइटसारख्या हलक्या खडकांची आहेत आणि महासागरांचे तळ बेसाल्टचे आहेत. आपल्या दख्खनचा काळा दगड हा खंडाच्या पाठीवर पसरलेला लेप होय. त्याच्या खाली जुना, हलका खडक आहेच. आता लाकडाचा ओंडका ज्याप्रमाणे पाण्यात आपण होऊन तळाशी जात नाही, त्याप्रमाणे हलक्या खडकाचा विस्तीर्ण पूल जड खडकात बुडून नाहीसा होणे शक्य नाही. मग पूल नव्हतेच, तर राहिला एकच मार्ग : ही खंडेच एके काळी एकमेकांस लागून होती आणि पुढे दूर गेली.

६ जानेवारी १९१२ रोजी फ्रांकफुर्ट येथे भूगर्भशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी हा विचार प्रथम मांडला. त्या वेळी ते अवघे एकतीस वर्षांचे होते. पुढे वर्षानुवर्षे ते पुरावा गोळा करीत राहिले. मेसोसॉरस नावाचा एक लहानसा सरपटणारा प्राणी फार प्राचीन काळी राहत असे. त्याचे अवशेष दक्षिण आफ्रिकेत व ब्राझीलमध्ये सापडतात. परंतु असा प्राणी महासागर पोहून जाणे संभवत नाही. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या जिभेच्या आकाराच्या पानांची वनस्पती दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि आपला भारत ह्या सर्व ठिकाणच्या जुन्या खडकांत आढळते. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती बर्फात मरण पावले, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड निघाले. त्यांतही ह्याच वनस्पतीचे ठसे होते.

ह्या पुराव्यात आपल्या प्रांताचाही वाटा आहे, हे सांगताना आम्हांस आनंद वाटतो. वेगेनर ह्यांच्या जन्मापूर्वीच नागपुरास मिशनचे कार्य करणारे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे फावल्या वेळी हातोडी घेऊन रानोमाळ हिंडत. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय त्या शहरात आहे, तेच हे गृहस्थ. त्यांनी कामठीच्या आसपासच्या वालुकाश्मांतून पानांचे जे ठसे जमविले, त्यांत ग्लॉसोप्टेरिस होते. १८६३ साली एका प्रवासात नदी ओलांडताना त्यांचा अंत झाला. आपण वेचलेली पाने पुढे केवढ्या मोठ्या प्रश्नाच्या कामी येणार आहेत, ह्याची त्यांना कल्पनाही नसेल. तसेच चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर, ह्या जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी चुनखडीच्या खडकावर बर्फाने दगड घासत नेल्याचे ओरखडे आढळले आहेत. जेथे वैशाखात डोक्यावर ऊन आग ओकते, तेथे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फ होते! उलट उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन बेटांत कोळशाचे थर आहेत, म्हणजे तेथे कधी काळी घनदाट अरण्य होते. जमीन जागची हललीच नसेल, तर ह्या गोष्टींचा मेळ बसावा कसा? वेगेनर ह्यांनी आपला मुद्दा एका घरगुती दृष्टान्ताने समजाविला आहे. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे कडेला कड लावून जुळविले आणि त्यांवरील छापलेल्या ओळीही एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरळ वाचता आल्या, तर ते तुकडे एकाच कागदाचे होते असे मानलेच पाहिजे. खंडांचे किनारे ही कागदाची कड. खडक, पर्वत व जीवाश्म ह्या त्यावरील ओळी.

ह्याच सुमारास ते दुसऱ्यांदा ग्रीनलंडास गेले. डॅनिश अधिकारी कोख आणि आणखी दोन सोबती ह्यांच्यासह १९१२-१३ चा हिवाळा त्यांनी बर्फावर काढला व नंतर आइसलंडी तट्टांच्या साहाय्याने तो अफाट बर्फमय प्रदेश पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडला. पश्चिम किनाऱ्याजवळ अन्न संपले. अखेरचे तट्टू गेले. सोबतचा कुत्राही मारून खाण्याची वेळ आली. मरण समोर उभे असता, दूरच्या आपल्या मंडळीस भेटावयास निघालेले उपर्नाविकचे धर्मोपदेशक दैवयोगाने त्या खाडीतून चालले होते. त्यांच्या दृष्टीस हे चौघे पडले आणि त्यांचे प्राण वाचले.

परतल्यावर वेगेनर ह्यांचा विवाह प्रसिद्ध हवामानशास्त्रज्ञ क्योपेन ह्यांची कन्या एल्झे हिच्याशी झाला. पुढे त्यांना तीन मुली झाल्या. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि त्यांना रणांगणावर जावे लागले. ते दोनदा जखमी झाले. बरे होण्यासाठी मिळालेल्या रजेत त्यांनी लेखणी हाती धरली आणि १९१५ साली खंडांच्या व महासागरांच्या उत्पत्तीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो शंभर पानांचाही नव्हता. नवा पुरावा घालून त्यांनी तो तीन वेळा पुन्हा लिहिला. चौथी आवृत्ती १९२९ साली निघाली.

ग्रंथाचे स्वागत मात्र कडवट झाले. इंग्लंड-अमेरिकेतील पुष्कळ विद्वानांनी त्यावर टीकेचा भडिमार केला. १९२६ साली न्यूयॉर्क येथे ह्या एकाच विषयावर सभा भरली. तेथेही विरोधाचाच सूर मोठा होता. हा हवेचा अभ्यासक खडकांच्या शास्त्रात कशाला लुडबुड करतो, असाही काहींचा रोख होता. परंतु विरोधकांचे सर्वच म्हणणे निराधार होते असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. एवढी प्रचंड खंडे कोणत्या शक्तीने सरकतात, ह्या प्रश्नास वेगेनर ह्यांनी पृथ्वीच्या भ्रमणातून उत्पन्न होणारे जोर आणि भरती-ओहोटीची ओढ अशी उत्तरे दिली होती. हे जोर त्या कामास अत्यंत अपुरे आहेत, हे इंग्रज गणिती जेफ्रीझ ह्यांनी हिशेबाने दाखविले. शिवाय जुन्या मोजणीतील चुकांमुळे ग्रीनलंड वर्षाला कित्येक मीटर सरकते असे वेगेनर ह्यांना वाटे. तो वेग वास्तवाहून फारच मोठा होता. सारांश, काय घडले हे त्यांनी बरोबर ओळखले; कसे घडले हे सांगताना ते चुकले. त्यांच्या बाजूने उभे राहणारेही काही थोडे होते. दक्षिण आफ्रिकेतील डु टॉइट ह्यांनी दोन्ही खंडांवरील खडक ताडून पाहिले. आणि इंग्रज शास्त्रज्ञ आर्थर होम्स ह्यांनी १९२८ च्या सुमारास असे सुचविले की, चुलीवरील पातेल्यात उष्णतेने पाणी जसे खालीवर फिरते, तसा पृथ्वीच्या पोटातील तप्त खडक अतिशय मंद गतीने फिरत असावा. परंतु बहुतेकांनी तिकडेही दुर्लक्ष केले.

वेगेनर ह्यांनी उपहासास उपहासाने उत्तर दिले नाही. १९२४ पासून ते ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे प्राध्यापक होते. तेथे त्यांचे अध्यापन व अभ्यास शांतपणे चालू राहिला आणि १९३० साली ते एका मोठ्या जर्मन मोहिमेचे नायक होऊन पुन्हा ग्रीनलंडास निघाले. बर्फाची जाडी मोजावी आणि वर्षभर हवामानाच्या नोंदी घ्याव्या, असा ह्या मोहिमेचा हेतू होता. किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, जवळजवळ ३,००० मीटर उंचीवर त्यांनी एक ठाणे उभारले व त्यास मध्यबर्फ अशा अर्थाचे नाव दिले. गेओर्गी व झोर्गे हे दोघे शास्त्रज्ञ तेथे राहिले.

परंतु त्या वर्षी समुद्रातील बर्फ लवकर फुटले नाही. सामान किनाऱ्यास लागण्यास कित्येक आठवडे उशीर झाला. पंख्याच्या जोराने बर्फावर धावणाऱ्या दोन मोटारगाड्या नेल्या होत्या, त्याही निरुपयोगी ठरल्या. अशात मध्यबर्फाहून निरोप आला की, २० ऑक्टोबरपर्यंत पुरवठा पोहोचला नाही, तर आम्ही पायी परत निघू. त्या थंडीत पायी निघणे म्हणजे मृत्यू, हे वेगेनर जाणत होते. सप्टेंबरच्या अखेरीस ते स्वतः लोवे नावाचे सहकारी आणि तेरा ग्रीनलंडवासी ह्यांना घेऊन कुत्र्यांच्या गाड्यांसह निघाले. वादळ व हिमपात ह्यांनी वाट बुजून गेली. हळूहळू बारा ग्रीनलंडवासी माघारी वळले. राहिला एकच, रासमुस विलुम्सेन नावाचा तरुण. पारा शून्याखाली पन्नास अंशांच्याही खाली उतरला. जवळजवळ सर्व सामान वाटेत टाकून हे तिघे ३० ऑक्टोबर रोजी मध्यबर्फास पोहोचले. लोवे ह्यांच्या पायांची बोटे गोठून गेली होती. ती पुढे खिशातील चाकूने कापावी लागली. तेथे पोहोचल्यावर वेगेनर ह्यांस कळले की, त्या दोघांनी निघण्याचा बेत सोडून बर्फात गुहा खणली आहे आणि आहे त्या अन्नावर हिवाळा काढण्याचे ठरविले आहे.

परंतु ते अन्न पाच जणांस पुरण्यासारखे नव्हते. लोवे ह्यांस हलविणे अशक्य होते. म्हणून दोन दिवसांच्या विसाव्यानंतर १ नोव्हेंबर १९३० रोजी वेगेनर व रासमुस हे दोन गाड्या व सतरा कुत्री घेऊन किनाऱ्याकडे परत निघाले. तो वेगेनर ह्यांचा पन्नासावा वाढदिवस होता. ते दोघेही किनाऱ्यास पोहोचले नाहीत.

पुढील वर्षी १२ मे रोजी शोध करणाऱ्यांस बर्फात उभे रोवलेले स्कीचे दांडे दिसले. त्यांच्यामध्ये खणून पाहता वेगेनर ह्यांचा देह सापडला. अतिश्रमाने हृदय बंद पडून त्यांना मरण आले असावे. रासमुसने तो देह झोपण्याच्या पिशव्यांच्या खोळींत नीट शिवून, खाली कातडी अंथरून पुरला होता आणि खूण म्हणून स्की रोवले होते. नंतर वेगेनर ह्यांची रोजनिशी बरोबर घेऊन तो एकटाच त्या काळोख्या बर्फात पुढे गेला. त्याचा वा त्या रोजनिशीचा पत्ता आजपर्यंत लागलेला नाही. मध्यबर्फावरील तिघे मात्र हिवाळा काढून सुखरूप परतले. मोहिमेची धुरा बंधू कुर्ट ह्यांनी उचलली. वेगेनर ह्यांचा देह तेथेच बर्फात ठेवण्यात आला.

ह्यानंतर तीस-पस्तीस वर्षे गेली, आणि ज्या पुराव्याची उणीव होती तो समुद्राच्या तळातून वर आला. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत मेरी थार्प व ब्रूस हीझेन ह्यांनी अटलांटिकच्या तळाचे नकाशे तयार केले. महासागराच्या मधोमध एक लांबच लांब पर्वतरांग असून तिच्या माथ्यावर खोल भेग आहे, असे त्यांत दिसले. १९६२ साली हॅरी हेस ह्यांनी असे प्रतिपादन केले की, अशा भेगांतून शिलारस वर येऊन नवा सागरतळ घडतो आणि दोन्ही बाजूंस सरकत जातो. बेसाल्ट निवताना त्यातील लोहखनिजे त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा आपल्या ठायी जपून ठेवतात. १९६३ साली व्हाइन व मॅथ्यूज ह्यांनी आपल्या पश्चिमेकडील हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग रांगेवरील मोजणी अभ्यासून दाखविले की, भेगेच्या दोहो बाजूंस हे चुंबकीय पट्टे कसे उमटतात. १९७० च्या आत भूगर्भशास्त्राचे मत पालटले. पृथ्वीचे वरचे कवच सात मोठ्या व कित्येक लहान तुकड्यांचे बनलेले आहे. त्यांस भूपट्ट म्हणतात. खंडे सागरतळ फोडीत चालत नाहीत, जसे वेगेनर मानीत. खंड व सागरतळ दोन्ही एकाच भूपट्टावर बसून प्रवास करतात. त्यांचा वेग वर्षास काही सेंटिमीटर, म्हणजे आपली नखे वाढतात साधारण तितकाच. आपला भूपट्ट असाच उत्तरेस जाऊन आशियास भिडला आणि मधल्या समुद्राचा गाळ चेपला जाऊन हिमालय उभा राहिला. म्हणूनच एव्हरेस्टच्या माथ्यावरील चुनखडीत समुद्रजीवांचे अवशेष आढळतात. ही वाटचाल अद्याप संपलेली नाही.

वेगेनर ह्यांस हा दिवस दिसला नाही. त्यांच्या पत्नीस मात्र दिसला. एल्झे वेगेनर ह्या शंभर वर्षांचे आयुष्य भोगून १९९२ साली निवर्तल्या. तोवर त्यांच्या पतीचा विचार शाळेतील मुलांच्या पाठ्यपुस्तकांत आला होता.

ह्या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? नकाशा सर्वांच्याच समोर असतो. परंतु तो पाहून प्रश्न विचारणारा व त्या प्रश्नासाठी वीस वर्षे झिजणारा विरळा. ज्या मनुष्याने खडक, पाने, बर्फ व हवा ह्यांचे वेगवेगळे अभ्यास एकत्र आणून पाहिले, त्यालाच ते एकमेकांशी बोलताना ऐकू आले. बहुमत म्हणजे सत्य नव्हे. त्याचप्रमाणे ज्याचे म्हणणे खरे ठरते त्याच्या हातूनही चुका होतात, आणि त्या चुका दाखविणारा त्याचा वैरी नव्हे. आणखी एक गोष्ट आम्हांस सांगावीशी वाटते. वेगेनर ह्यांचे प्राण त्यांच्या सिद्धान्तासाठी गेले नाहीत. दोन सोबती उपाशी मरू नयेत म्हणून गेले. त्यांच्याबरोबर ज्याने प्राण वेचले आणि स्वतः मरणाच्या दारी असता त्यांचा देह भक्तिभावाने झाकला, त्या रासमुसच्या नावाने जगात कोणताही सिद्धान्त नाही. वेगेनर ह्यांचे नाव घेताना त्याचेही घ्यावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

ग्रीनलंड ज्या भूपट्टावर आहे, तो युरोपपासून दर वर्षी सुमारे दोन सेंटिमीटर दूर जात आहे. त्यावरील बर्फात निजलेला आपला शोधक, आणि जवळपास कोठेतरी त्याचा तो तरुण सोबती, हे दोघेही त्या चालत्या भूमीबरोबर चालले आहेत.